टाय कॉबचे हिट ४१८९ की ४१९१? जुन्या बेसबॉलपटूंसाठी 'बेसबॉल-रेफरन्स' आणि 'सेबर'

टाय कॉबने कारकिर्दीत किती हिट मारले, म्हणजे चेंडू मारून किती वेळा सुखरूप बेस गाठला? मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धा) अधिकृत नोंदीत उत्तर मिळतं ४१९१. बेसबॉल-रेफरन्सवर मिळतं ४१८९. सरासरीही (बॅटिंगच्या दर संधीमागे हिट) एकीकडे .३६७ आणि दुसरीकडे .३६६. कॉब १९२८ मध्ये निवृत्त झाला, १९६१ मध्ये वारला, आणि त्याच्या दोन हिटचा हिशेब अजून मिटलेला नाही. जुन्या अमेरिकन बेसबॉलची माहिती काढायला बसलं की पहिली ठेच इथेच लागते. कुठलं संकेतस्थळ वापरावं आणि त्यावर कितपत विसंबावं, हा प्रश्नही इथूनच सुरू होतो.

या परीक्षणात दोन सेवा घेतल्या आहेत. पहिली बेसबॉल-रेफरन्स, म्हणजे आकड्यांचं कोठार. क्रिकेटवाल्यांना क्रिकइन्फोची खेळाडूंची पानं जशी, तशी बेसबॉलवाल्यांना ही. दुसरी सेबर, म्हणजे सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च. ही संशोधकांची संस्था १० ऑगस्ट १९७१ रोजी कूपर्सटाउनमध्ये स्थापन झाली. तिचे सदस्य २००२ पासून खेळाडूंची चरित्रं लिहून जालावर ठेवत आहेत. दोन्हीकडे वाचायला पैसे पडत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण इंग्रजी सोपं आहे. मत आधीच सांगून टाकतो: आजच्या खेळाडूसाठी एकटं बेसबॉल-रेफरन्स पुरतं. १९२० च्या आधीच्या खेळाडूसाठी ते एकटं वापरलं तर फसगत होते. दोन्ही पानं शेजारी-शेजारी उघडी ठेवूनच वाचायला हवं.

बेसबॉल-रेफरन्सवर कॉबचं पान उघडलं की सगळ्यात वर छोटा परिचय येतो: जन्म १८ डिसेंबर १८८६, गाव नॅरोज, जॉर्जिया; डावखुरी बॅटिंग, उजव्या हाताने थ्रो; पहिला सामना ३० ऑगस्ट १९०५, वय १८ वर्षे २५५ दिवस; शेवटचा सामना, मृत्यू, दफन कुठे झालं, टोपणनाव काय. पुष्कळजण हा भाग ओलांडून थेट तक्त्यावर जातात. तसं करू नये. जुन्या खेळाडूंच्या बाबतीत निम्मा संदर्भ इथेच असतो. कॉबच्या पदार्पणाच्या तारखेआधी तीन आठवडे, ८ ऑगस्ट १९०५ ला, त्याच्या आईच्या हातून झाडलेल्या गोळीने त्याचे वडील मेले होते. पुढे कोर्टाने तिला निर्दोष ठरवलं. अठरा वर्षांचा हा मुलगा त्या अवस्थेत डेट्रॉइटला आला आणि पहिल्याच बॅटिंगला जॅक चेस्ब्रोसारख्या पिचरला (चेंडू टाकणारा) डबल, म्हणजे दोन बेसचा हिट मारला. आकड्यांच्या पानावर फक्त तारीख आहे, कारण त्याचं काम तेवढंच. बाकीचं चरित्रात वाचायचं.

खाली मुख्य तक्ता. एका ओळीत एक हंगाम. ठळक अक्षरातला आकडा म्हणजे त्या वर्षी त्या लीगमध्ये तो पहिला. ठळक आणि तिरका असेल तर सगळ्या मेजर लीगमध्ये पहिला. कॉबच्या पानावर ही ठळक अक्षरं एखाद्या पिकासारखी दाट उगवलेली दिसतात. रकान्याच्या शीर्षकावर बाण नेला की त्याचा अर्थ उघडतो. नवख्या माणसाला याचा फार उपयोग आहे, कारण रकान्यांची नावं सगळी आद्याक्षरांत आहेत. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्याला ही मांडणी ओळखीची वाटते आणि त्याला कारण आहे: बेसबॉलचा बॉक्स स्कोअर (सामन्याचा धावफलक) रुजवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडमधल्या एक्सेटरचा आणि आधी क्रिकेटचाच वार्ताहर.

आता ते दोन हिट. १९१० साली अमेरिकन लीगच्या (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक; दुसरा नॅशनल लीग) बॅटिंग विजेत्याला, म्हणजे सर्वांत जास्त सरासरीवाल्याला, चाल्मर्स कंपनी मोटार देणार होती. शर्यत कॉब आणि क्लीव्हलँडचा नॅप लाजवे यांच्यात. कॉबला त्याचे प्रतिस्पर्धी पाण्यात पाहत. ९ ऑक्टोबरला, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, सेंट लुइसमध्ये क्लीव्हलँडचे लागोपाठ दोन सामने होते. सेंट लुइसच्या मॅनेजरने, जॅक ओकॉनरने, आपल्या नवख्या थर्ड बेसमनला मुद्दाम खूप मागे उभं केलं. लाजवेने बंट करत राहायचं, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून चेंडू पुढ्यात सोडायचा आणि पळत सुटायचं. दिवसभरात त्याच्या नावावर आठ हिट लागले, त्यातले बहुतेक असे बंट. ओकॉनरची नोकरी गेली. लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सनने आकडे जाहीर केले ते असे: कॉब .३८४९४४, लाजवे .३८४०८४. कंपनीने दोघांनाही मोटार दिली आणि वाद मिटला असं सगळ्यांनी धरलं.

तो मिटला नव्हता. सत्तर वर्षांनी संशोधकांनी लीगची हाताने लिहिलेली वही तपासली, तेव्हा कॉबचा एक सामना दोनदा चढवलेला सापडला. त्या सामन्यात त्याचे तीनांत दोन हिट होते. १९८१ मध्ये ही गोष्ट छापून आली. मेजर लीगचे प्रमुख, कमिशनर बोवी कून यांनी निकाल बदलायला नकार दिला. म्हणून मेजर लीगकडे १९१० चा विजेता अजून कॉब आहे, तर बेसबॉल-रेफरन्सवर त्या वर्षी लाजवे .३८३ आणि कॉब .३८२. कॉबच्या एकूण बेरजेतले दोन हिट कमी झाले ते इथे.

या दुरुस्तीची झळ पार १९८५ पर्यंत पोचते. पीट रोझने ४१९२ वा हिट ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत, घरच्या प्रेक्षकांसमोर मारला आणि तो विक्रम म्हणून साजरा झाला. कॉबचे हिट ४१८९ धरले तर विक्रम तीन दिवस आधीच, ८ सप्टेंबरला शिकागोत मोडला होता. बेसबॉल-रेफरन्सवर रोझच्या सामनावार नोंदीत जाऊन ही गोष्ट स्वतः मोजून पाहता येते. या सेवेची खरी ताकद ही आहे: प्रत्येक बेरजेच्या मागे जाऊन एकेक सामना उघडता येतो. ही सामनावार माहिती रेट्रोशीट या स्वयंसेवी प्रकल्पाकडून येते. डेव्हिड स्मिथने १९८९ मध्ये तो सुरू केला.

पण उणीवही याच जागी आहे. कॉबच्या तक्त्यात ४१८९ इतकंच लिहिलेलं असतं. हा आकडा वादातला आहे, कशामुळे आहे, दुसरीकडे काय छापलं जातं, हे त्या चौकोनातून कळत नाही. वाचकाला आकडा दगडावर कोरल्यासारखा वाटतो. जुन्या काळासाठी एखादी खूण, एखादी तळटीप इतकी जरी जोडली तरी ही सेवा कितीतरी जास्त प्रामाणिक वाटेल. माझ्या लेखी तिचा सगळ्यात मोठा दोष हाच.

असे आकडे किती आहेत ते पाहिलं की दोषाचं वजन लक्षात येतं. १८८४ मध्ये प्रॉव्हिडन्सचा पिचर होस रॅडबर्नने ६७८.२ इनिंग टाकल्या आणि सुरू केलेले ७३ च्या ७३ सामने पूर्ण केले. एका हंगामात. त्याचे त्या वर्षीचे विजय काही ठिकाणी ५९ छापलेले असतात, काही ठिकाणी ६०. एका सामन्याचं श्रेय तेव्हाच्या नोंदकाराने त्याला दिलं. आजच्या नियमाने ते त्याच्या आधीच्या पिचरला जाईल.

पिचर वॉल्टर जॉन्सनचं १९१३ घ्या. ३६ विजय, ७ पराभव, ईआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या धावा; कमी तितका चांगला) १.१४. जुन्या पुस्तकांत हाच ईआरए १.०९ दिसतो. फरक पडला तो हंगामाच्या शेवटच्या सामन्यामुळे. वॉशिंग्टनचा मॅनेजर क्लार्क ग्रिफिथ शेवटचा सामना प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी गमतीचा करायचा. जॉन्सन त्या दिवशी सेंटर फील्डला उभा होता. मध्येच त्याला पिचिंगला आणलं, दोन हिट बसले आणि लगेच काढून घेतलं. त्याच्यामागून पिचिंगला आलेला खेळाडू मुळात कॅचर (बॅटरमागे चेंडू पकडणारा), त्याने ते दोन्ही धावपटू घरी येऊ दिले, म्हणजे दोन धावा झाल्या. नोंदकाराने आधी हा सामना हिशेबात धरलाच नव्हता. नंतर त्या दोन धावा जॉन्सनच्या नावावर चढल्या. १९६८ मध्ये बॉब गिब्सनचा ईआरए १.१२ आला, १.१४ मानलं तर तो जॉन्सनच्या पुढे, १.०९ मानलं तर मागे. तक्त्यात मात्र १.१४ इतकंच लिहिलेलं असतं.

नियम बदलले की आकड्याचा अर्थही बदलतो. जुन्या खेळाडूचं पान उघडण्याआधी पुढची वर्षं डोक्यात ठेवावीत.

१८८७ या एका हंगामात वॉकसुद्धा (पिचरच्या वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस) हिट म्हणून मोजला गेला. सेंट लुइसच्या टिप ओनीलची सरासरी त्या हिशेबाने .४९२ निघाली होती. वॉक वजा करून आज ती .४३५ दिसते. १८९३ मध्ये पिचरची जागा मागे नेऊन अंतर ६० फूट ६ इंच केलं, म्हणजे १८.४४ मीटर. साय यंगने १८९० मध्ये सुरुवात केली तेव्हा तो याहून जवळून टाकत होता, आणि अंतर वाढल्यावरही टिकला. त्याचे ५११ विजय आणि ७४९ पूर्ण सामने या बदलाच्या दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत. १८९८ च्या आधी 'चोरलेला बेस' म्हणजे आजची चोरी नव्हे. दुसऱ्याच्या हिटवर धावपटूने एक बेस जास्त घेतला तरी तो चोरीत मोजला जाई. बिली हॅमिल्टनचे नऊशेहून जास्त बेस वाचताना हे विसरू नये. फाउल गेलेला, म्हणजे मारून मैदानाच्या रेषांबाहेर गेलेला चेंडू स्ट्राइक धरणं (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद) नॅशनल लीगने १९०१ ला आणि अमेरिकन लीगने १९०३ ला सुरू केलं. त्यामुळे १९०१ मध्ये अमेरिकन लीगमध्ये लाजवेने काढलेली .४२६ ही सरासरी फाउलची भीती नसलेल्या बॅटरची आहे. तिचं मोल आहेच, पण १९११ च्या कॉबशी ती सरळ लावून पाहता येत नाही. आरबीआय (बॅटरच्या फटक्यावर आलेल्या धावा) १९२० पासून अधिकृत झाले, ईआरए नॅशनल लीगमध्ये १९१२ आणि अमेरिकनमध्ये १९१३ पासून. त्याआधीचे जे आकडे तक्त्यात भरलेले दिसतात ते नंतर जुनी वर्तमानपत्रं आणि वह्या चाळून काढलेले आहेत.

बेब रूथच्या ७१४ होमरनचंही (चेंडू मैदानाबाहेर, क्रिकेटच्या षटकारासारखा) असंच. ८ जुलै १९१८ ला फेनवे पार्कवर क्लीव्हलँडविरुद्ध सामना ०-० असताना त्याने चेंडू प्रेक्षकांत मारला. पहिल्या बेसवर एक धावपटू होता. तो घरी येताच सामना संपला, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे रूथच्या नावावर होमरनऐवजी ट्रिपल, म्हणजे तीन बेसचा हिट लिहिला गेला. सेहवाग आठवतो? ऑगस्ट २०१०, दांबुला, ९९ वर असताना रणदीवचा नोबॉल, चेंडू सीमेपार, पण विजयाची धाव नोबॉलनेच झाली म्हणून षटकार मोजलाच नाही. तोच न्याय. १९६९ मध्ये नोंदी तपासणाऱ्या समितीने रूथला तो होमरन आधी बहाल केला होता, मग निर्णय फिरवला आणि आकडा ७१४ वरच राहिला.

वेगवेगळ्या काळांची तुलना करायची असेल तर बेसबॉल-रेफरन्सवर त्यासाठी चांगली सोय आहे: ओपीएस+ (बॅटिंगसाठी) आणि ईआरए+ (पिचिंगसाठी) हे दोन रकाने. दोन्हींत १०० म्हणजे त्या वर्षीचा, त्या लीगचा सरासरी खेळाडू, मैदानाचा फरक काढून टाकून. १९११ मध्ये अमेरिकन लीगचा होमरन राजा फ्रँक बेकर होता आणि त्याचे होमरन होते ११. १९२० मध्ये रूथने ५४ मारले. त्या वर्षी उरलेल्या पंधरा अख्ख्या संघांपैकी फिलाडेल्फिया फिलीज सोडून एकाचेही इतके नव्हते. नुसते ११ आणि ५४ पाहून बेकरला कमी लेखू नये. तेव्हा एकच चेंडू मऊ आणि मळका होईपर्यंत वापरायचे, पिचर त्याला थुंकी लावायचे. ऑगस्ट १९२० मध्ये बॅटर रे चॅपमनच्या डोक्याला चेंडू लागून तो दुसऱ्या दिवशी वारला, त्यानंतर चेंडू वरचेवर बदलू लागले. प्लस लावलेले रकाने हा फरक बऱ्यापैकी भरून काढतात. 'वॉर' (खेळाडूचं एकूण योगदान एकाच आकड्यात) या रकान्याचं तसं नाही. त्यातला फील्डिंगचा भाग या काळासाठी अगदी अपुऱ्या नोंदींवरून काढलेला अंदाज आहे. मोठे फरक खरे मानावेत. एका-दोन दशांशावरून होनस वॅग्नर मोठा की दुसरा कोणी, असा वाद घालण्यात अर्थ नाही.

आता कामाच्या काही गोष्टी. तक्ता एक्सेलमध्ये घ्यायचा असेल तर त्याच्या वरच्या 'शेअर अँड एक्सपोर्ट' मधून सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) मिळतो. तीन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला, इनिंगचा दशांश. ६७८.२ म्हणजे ६७८ इनिंग आणि दोन आउट. षटकांचं असतं तसंच, ९.४ म्हणजे नऊ षटकं चार चेंडू. तिथे सहाचा हिशेब, इथे तीनचा. समजा ३००.२ आणि २५०.२ ची बेरीज केली, तर एक्सेल ५५०.४ देईल, बरोबर उत्तर ५५१.१. उपाय असा: पूर्णांक वेगळा काढा, दशांशानंतरचा अंक तीनने भागा, दोन्ही मिळवा आणि मगच बेरीज किंवा ईआरए काढा.

दुसरा घोळ, हंगामाच्या मध्यात संघ बदललेले खेळाडू. तिथे एक एकत्रित ओळ असते आणि खाली प्रत्येक संघाची वेगळी. रकाना सरसकट बेरजेला लावला की तो हंगाम दोनदा धरला जातो. पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन १९१६ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्क जायंट्सकडून सिनसिनाटीला गेला. त्या वर्षी जायंट्ससाठी ३ विजय, सिनसिनाटीसाठी १, एकूण ४. सगळ्या ओळी मिळवल्या तर ८ होतात आणि कारकिर्दीचे ३७३ विजय ३७७ होऊन बसतात. तक्त्याच्या तळाशी संघवार बेरजेच्या ओळी असतात, त्याही आधी काढून टाकाव्यात. वाचायला मात्र याच ओळी छान. रूथची बॉस्टनची सहा वर्षं आणि न्यूयॉर्कची पंधरा तिथे आयती वेगळी मिळतात.

तिसरा, संघांची तीन अक्षरी नावं आणि खेळाडूंच्या नावापुढच्या खुणा. बॉस्टनचे दोन संघ होते, फिलाडेल्फियाचेही दोन, आणि त्यांच्या संक्षेपांत एखाद-दुसऱ्या अक्षराचाच फरक असतो. रूथचं शेवटचं वर्ष १९३५ 'बीएसएन' म्हणजे बॉस्टन ब्रेव्ह्जचं आहे. 'बीओएस' म्हणजे रेड सॉक्स. संघाच्या पानावर डावखुऱ्या बॅटरच्या नावाला चांदणी जोडलेली असते. ती एक्सेलमध्ये तशीच उतरते आणि मग नाव शोधून जुळत नाही.

फोनवर हे सगळं करू नये. तक्ते रुंद आहेत, जाहिराती मध्ये येतात, बाण न्यायला जागा नसते. लॅपटॉपवरच वापरावं. फोनवर सेबरची चरित्रं वाचावीत, ती सुरेख वाचता येतात.

सेबरच्या चरित्रांबद्दल भरभरून लिहावंसं वाटतं. सदस्य लिहितात, दुसरे सदस्य तपासतात, आणि खाली आधार कुठला घेतला ते दिलेलं असतं. आकड्यांच्या पानावर मॅथ्यूसनचा १९०५ चा वर्ल्ड सीरिजचा (दोन लीगच्या विजेत्यांतली अंतिम मालिका) तक्ता पाहा: ३ सामने, २७ इनिंग, १८ स्ट्राइकआउट, १ वॉक, धाव एकही नाही. हे सगळं ९ ते १४ ऑक्टोबर या सहा दिवसांत. चरित्राकडे वळलं की या तक्त्यामागचा माणूस भेटतो: पेनसिल्व्हेनियातल्या फॅक्टरीव्हिलचा, बकनेल विद्यापीठात शिकलेला, उलट्या दिशेने वळणारा 'फेडअवे' टाकणारा. १९१८ मध्ये तो सैन्यात जाऊन फ्रान्सला गेला, तिथे विषारी वायूच्या संपर्कात आला, पुढे क्षयाने ग्रासला आणि ७ ऑक्टोबर १९२५ ला सॅरनॅक लेकला वारला. १९३६ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंचा सन्मान करणारी संस्था) पहिले पाच निवडले गेले: कॉब, रूथ, वॅग्नर, मॅथ्यूसन, जॉन्सन. १२ जून १९३९ ला कूपर्सटाउनला संग्रहालय उघडलं तेव्हा त्या पाचांतला एकटा मॅथ्यूसन हयात नव्हता.

त्याच्या ३७३ विजयांचीही गोष्ट आहे. बराच काळ हा आकडा ३७२ छापला जात होता. दुसरा पिचर ग्रोव्हर अलेक्झांडरने १९२९ मध्ये ३७३ वा विजय मिळवला तो आपण मॅथ्यूसनच्या पुढे गेलो या समजुतीने. पुढच्या वर्षी तो एकही सामना न जिंकता निवृत्त झाला. नंतर मॅथ्यूसनचा १९०२ चा एक राहिलेला विजय सापडला आणि दोघे बरोबरीत आले. आज दोन्ही पानांवर ३७३ दिसतात. हे माहीत झाल्यावर अलेक्झांडरच्या १९३० च्या ओळीतलं शून्य काळजाला लागतं.

दोन्ही सेवा जोडून वाचण्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ॲलन ट्रॅव्हर्स. बेसबॉल-रेफरन्सवर त्याची एकच ओळ आहे: १९१२, डेट्रॉइट, १ सामना, ८ इनिंग, २६ हिट, २४ धावा, ईआरए १५.७५. (१४ अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकांमुळे न झालेल्या धावा, गुणिले ९, भागिले ८, करून पाहा.) इतका मार खाऊनही त्याला आठ इनिंग का टाकू दिल्या? १५ मे १९१२ ला न्यूयॉर्कमध्ये कॉबने शिवीगाळ करणाऱ्या एका प्रेक्षकाला स्टँडमध्ये चढून मारलं. लीगने त्याला निलंबित केलं. डेट्रॉइटच्या खेळाडूंनी कॉबसाठी खेळायला नकार दिला. १८ मे ला फिलाडेल्फियात संघ उतरला नसता तर दंड होता, म्हणून मॅनेजरने शहरातून मिळतील ते तरुण गोळा केले. ट्रॅव्हर्स त्यातला एक कॉलेजचा विद्यार्थी. डेट्रॉइट २४-२ ने हरलं. ट्रॅव्हर्स पुढे धर्मगुरू झाला. नुसती ओळ वाचणाऱ्याला तो एक वाईट पिचर वाटेल.

चरित्रांतली उणीव म्हणजे लांबी आणि दर्जा सारखा नाही. काही चरित्रं पुस्तकातल्या प्रकरणाएवढी सखोल, काही दोन-चार पानांत आटोपलेली. मोठ्या खेळाडूंची काही चरित्रं प्रकल्पाच्या सुरुवातीच्या वर्षांतली आहेत. कॉबबद्दल गेल्या काही वर्षांत बरंच नवं संशोधन झालं आणि त्याच्या मृत्यूनंतर पसरलेल्या अनेक कथा खोट्या ठरल्या. म्हणून चरित्र कधी लिहिलंय हे आधी पाहावं, खालचे आधार पाहावेत, मग विश्वास ठेवावा. जन्मतारखा मात्र सेबरच्या लोकांनी फार चिकाटीने तपासल्या आहेत. त्या काळी खुद्द खेळाडूलाच आपली तारीख ठाऊक नसायची; रूथ कितीतरी वर्षं ७ फेब्रुवारी १८९४ मानत होता, १९३४ मध्ये पासपोर्ट काढताना ६ फेब्रुवारी १८९५ निघाली.

या संशोधकांचं सगळ्यात मोलाचं काम कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दलचं आहे. विल्यम एडवर्ड व्हाइट हा ब्राउन विद्यापीठाचा विद्यार्थी २१ जून १८७९ ला प्रॉव्हिडन्सकडून एकच सामना खेळला. जॉर्जियात गुलामगिरीत जन्मलेला, बाप गोरा, आई गुलाम. सेबरच्या सदस्यांनी हे खणून काढेपर्यंत मोझेस फ्लीटवुड वॉकर (टोलेडो, १८८४, ४२ सामने) हाच पहिला कृष्णवर्णीय मेजर लीग खेळाडू मानला जात होता. त्यानंतर दरवाजा बंद झाला. तो बंद करणाऱ्यांत शिकागोचा कॅप ॲन्सन पुढे होता. वॉकर आणि जॉर्ज स्टोवीसारख्या खेळाडूंसोबत मैदानात उतरायला त्याने विरोध केला. त्याचंच पान आकड्यांच्या दृष्टीनेही गुंतागुंतीचं: बेसबॉल-रेफरन्स १८७१ ते १८७५ ची नॅशनल असोसिएशन धरून त्याचे ३४३५ हिट दाखवतं, मेजर लीग ती वर्षं मोजत नाही आणि आकडा ३०११ वर येतो.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात निग्रो लीग (कृष्णवर्णीय खेळाडूंच्या वेगळ्या स्पर्धा) मेजर म्हणून मान्य केल्या. बेसबॉल-रेफरन्सने २०२१ मध्ये ते आकडे मुख्य तक्त्यांत मिळवले. मेजर लीगने मे २०२४ मध्ये अधिकृत यादीत घेतले आणि त्या लीगमधला जॉश गिब्सन .३७२ सरासरीने कॉबच्या वर गेला. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला पस्तिसाव्या वर्षी वारला. बंद दरवाजा उघडून जॅकी रॉबिन्सन मेजर लीगच्या मैदानात उतरला तो त्याच वर्षी १५ एप्रिलला. इथे हंगाम छोटे, सामने कमी आणि नोंदी अजून गोळा होत आहेत, त्यामुळे हे आकडे मधूनमधून सरकतात. वापरताना पाहिल्याची तारीख सोबत लिहून ठेवावी.

मात्र १९२० ची ती रेघ जुन्या खेळाडूंना फार महागात पडते. रूब फॉस्टर १९०० च्या दशकात अव्वल पिचर होता. १३ फेब्रुवारी १९२० ला कॅन्सस सिटीत त्यानेच निग्रो नॅशनल लीग उभी केली, पण तोवर त्याची पिचिंगची उमेदीची वर्षं सरली होती. पॉप लॉइड १९२० मध्ये ३६ वर्षांचा होता. दोघांच्याही ऐन बहराची वर्षं मेजर लीगच्या बेरजेत येत नाहीत. आपल्याकडे पळवणकर बाळूंचं असंच झालं: १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा हा गोलंदाज, आणि प्रथम श्रेणीच्या तक्त्यात त्यांचे सामने अवघे ३३. अशा खेळाडूंसाठी आधी सेबरचं चरित्र वाचावं आणि त्यानंतरच बेसबॉल-रेफरन्सचा तक्ता उघडावा. फॉस्टर, लॉइड, फ्रँक ग्रँट, बड फाउलर या चौघांना हा क्रम नक्कीच लावावा.

पैसे भरायचे का? बेसबॉल-रेफरन्सची 'स्टॅटहेड' ही सशुल्क सेवा अटी घालून शोध घ्यायला आहे, जसं की सलग अमुक सामन्यांत हिट, अमुक वयाच्या आत इतके विजय. लेख लिहिणाऱ्याला आणि क्विझ काढणाऱ्याला ती उपयोगी पडेल. एकेका खेळाडूची कारकीर्द समजून घ्यायची असेल तर तिची गरज नाही. सामनावार नोंदी रेट्रोशीटवर साध्या मांडणीत, जाहिरातींशिवाय आणि फुकट मिळतात. सुरुवात कुठून करायची हे ठरत नसेल तर वॉल्टर जॉन्सनचा सप्टेंबर १९०८ काढा. ४, ५ आणि ७ तारखेला न्यूयॉर्कविरुद्ध तीन सामने, ३-०, ६-०, ४-०, तिन्ही त्यानेच पूर्ण टाकलेले. मधली ६ तारीख रिकामी दिसेल. तो रविवार होता, आणि न्यूयॉर्कमध्ये तेव्हा रविवारी बेसबॉलला परवानगी नव्हती.